गेममध्ये तो असा खेळतो, मग संसारात कसा वागेल?

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात (ओळख पटू नये म्हणून काही तपशील गाळले आहेत):

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावातून 22 वर्षांच्या मुलीचं पत्र आलं आहे. बी.ए. झालंय. दिवाळीनंतर साक्षगंध झालं. तूर-हरभरा विकून झाला की उन्हाळ्यात लग्न. मुलगा वाशीम जिल्ह्यातला, तालुक्याच्या गावी एका कृषी केंद्रात कामाला आहे. दोघांचं समोरासमोर बोलणं झालं ते साक्षगंधाच्या दिवशी, पाहुण्यांच्या गर्दीत, तेही चार वाक्यं. दोघांनाही बीजीएमआय हा मोबाइलवरचा गोळीबाराचा गेम आवडतो. म्हणून रात्री जेवणं आटोपली की ती, तो आणि तिचा दहावीतला भाऊ एका स्क्वॉडमध्ये, म्हणजे एकाच संघात, खेळू लागले. तो दर वेळी नकाशावरच्या पोचिंकी या गर्दीच्या ठिकाणी उतरतो, दिसेल त्याच्या अंगावर धावून जातो, जोडीदार नॉक झाला, म्हणजे गोळी लागून पडला, तरी रिवाइव द्यायला, म्हणजे त्याला उठवायला, थांबत नाही. एका रात्री भाऊ नॉक होऊन हाका मारत होता, तेव्हा हा माइकवर ओरडला, "पडून राय तिथंच, तुह्याच्यानं काई होत नाई." तेव्हापासून भाऊ त्यांच्यासोबत खेळत नाही. तिने त्या वेळी स्वतःचा माइक बंद करून टाकला. तिचा फोन जुना आहे आणि नेटवर्क फक्त खिडकीपाशी येतं. ती गवतात दडून खेळते, बँडेज गोळा करते, पडलेल्याला उठवते. तो तिला "डरपोक" म्हणतो. मैत्रिणीने गेम खेळणाऱ्याची तऱ्हा सांगणारी एक चाचणी पाठवली, ती हिने स्वतःसाठी भरली आणि त्याच्या वतीनेही भरली. तो 'किलर' निघाला, ही 'सोशलायझर'. मामा म्हणतात, "मोबाइलच्या खेळापायी कोनी सोयरीक मोडते काय?" तिचे दोन प्रश्न आहेत. लग्नाला नाही म्हणू का? आणि मी खरंच डरपोक आहे का?

उत्तर:

आधी ती चाचणी बाजूला ठेवू. तुझी झोप तिनेच जास्त उडवलेली दिसते.

'किलर', 'सोशलायझर', 'अचीव्हर', 'एक्सप्लोरर' ही चार नावं ब्रिटनच्या रिचर्ड बार्टल यांनी दिली. एसेक्स विद्यापीठात 1978 मध्ये रॉय ट्रबशॉ यांनी 'मड' नावाचा गेम सुरू केला आणि बार्टल यांनी तो पुढे नेला. त्यात चित्रं नव्हतीच. "उत्तरेला जा", "तलवार उचल" असं टाइप करायचं आणि पुढे काय झालं तेही अक्षरांतच वाचायचं. अशा खेळात लोक नेमके कशासाठी येतात, यावर बार्टल यांनी 1996 मध्ये लेख लिहिला आणि चार तऱ्हांना पत्त्यांचे चार रंग दिले. कमावत राहणारा तो चौकट, कानाकोपरा धुंडाळणारा तो इस्पिक, माणसांसाठी येणारा तो बदाम, आणि दुसऱ्यावर कुरघोडी करण्यात ज्याला मजा वाटते तो किलवर. गेम बनवणाऱ्याने या चारही तऱ्हांचा मेळ कसा राखावा, हा त्या लेखाचा विषय होता. त्यावरून प्रश्नावली पुढे दुसऱ्यांनी तयार केली.

तू पाठवलेले त्याचे आकडे बघ: 87, 67, 33 आणि 13. बेरीज कर, 200 येते. त्या चाचणीत चारही आकड्यांची बेरीज 200 च यावी अशी मांडणीच आहे. म्हणजे त्याच्या स्वभावाचे शंभर भाग करून त्यातले 87 भाग क्रूर निघाले, असा अर्थ तू लावलास तो चुकीचा आहे. दुसरी गोष्ट याहून मोठी आहे. ही उत्तरं त्याने दिलेली नाहीत, तू दिलीस. आणि कधी दिलीस, तर भावाला तो बोलला त्याच रात्री. त्या कागदावर तुझा त्या रात्रीचा राग उमटला आहे. राग योग्य होता, पण त्याला चाचणीचा निकाल म्हणता येणार नाही.

तू लिहितेस की तुझं स्वतःचं वर्णन मात्र "अगदी तंतोतंत" जुळलं, "तुम्ही सगळ्यांना जपता पण मनातलं बोलत नाही". अशी वाक्यं बहुतेकांना जुळतात. 1948 मध्ये बर्ट्रम फोरर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 39 विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला "हा खास तुझा निष्कर्ष" म्हणून कागद दिला. मजकूर सगळ्यांना एकच होता, राशिभविष्याच्या पुस्तकातून जुळवलेला. तरी वर्णन किती जुळलं याला विद्यार्थ्यांनी 5 पैकी सरासरी 4.26 गुण दिले. तुझ्या गावातल्या कोणत्याही मुलीला ते वाक्य वाचून दाखव, तीही मान डोलावेल.

मग खेळण्याच्या पद्धतीचा आणि स्वभावाचा काहीच संबंध नाही का? थोडा आहे, आणि तो तुला खरा सांगितला पाहिजे. निक यी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2011 मध्ये 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' खेळणाऱ्या हजारावर लोकांचा स्वभाव प्रश्नावलीने मोजला आणि त्यांनी गेममध्ये प्रत्यक्ष काय केलं याच्या नोंदींशी तो ताडून पाहिला. माणसांत रमणारे लोक गटाने करायच्या मोहिमांत जास्त दिसले. मनमिळाऊ लोक इतरांना हात हलवणं, मिठी मारणं असे इशारे जास्त करत, आणि ज्यांच्यात मनमिळाऊपणा कमी ते दुसऱ्या खेळाडूंशी लढण्याकडे जास्त झुकत. हे वाचून तुझ्या पोटात पुन्हा गोळा येईल, म्हणून लगेच पुढचं सांगते. असे संबंध हजार माणसांच्या सरासरीत दिसतात, तेही बारीक. त्यावरून एका माणसाबद्दल काही ठरवता येत नाही. मनमिळाऊ असून धडाधड लढणारे त्याच हजारांत पुष्कळ असतील.

खेळायची पद्धत स्वभावाआधी दुसऱ्या कितीतरी गोष्टी ठरवतात. तुझंच बघ. फोन जुना, नेटवर्क खिडकीपाशी, पिंग (नेटवर्कमुळे होणारा उशीर) चढला की समोरचा तुला दिसतो तोवर त्याची गोळी तुला लागून गेलेली असते. अशा फोनवर जो अंगावर धावून जाईल तो पहिल्या दोन मिनिटांत बाहेर. तू दडून बसतेस, हे शहाणपणाचं खेळणं आहे. शिवाय क्लासिक, म्हणजे शंभर जणांच्या, सामन्यात शेवटपर्यंत टिकण्याला गुण आहेत, मैदान लहान करत नेणारा निळा झोन आवळत जातो तशी माणसं आपोआप कमी होतात, आणि शंभरातल्या शेवटच्या दहांत पोचणाऱ्यांत लपून राहणारे बरेच असतात. तोच गेम टीम डेथमॅचमध्ये खेळून बघ. तिथे मेलं की पुन्हा उभं राहता येतं, जो संघ आधी 40 जणांना टिपेल तो जिंकतो, आणि दडून बसण्याला काही किंमत नाही. तिथे तूही धावशील.

त्याचंही तसंच. तू लिहिलंस की त्याचा फोन नवा आहे आणि दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसलं की तो दहा-दहा मिनिटं खेळतो. क्लासिक सामना शेवटपर्यंत न्यायचा तर अर्धा तास हवा. दहा मिनिटं हातात असलेला माणूस पोचिंकीसारख्या गर्दीच्या ठिकाणीच उतरतो, कारण लढाई तिथे लगेच मिळते. ती सवय रात्रीही सुटत नसेल. पडद्यावरच्या अनोळखी खेळाडूला तो किती जोरात भिडतो, यावरून तुझ्या संसाराबद्दल मला काही सांगता येणार नाही, आणि कोणी सांगत असेल तर तू मानू नकोस. कबड्डीत कोपऱ्यावरचा गडी चढाईला जात नाही म्हणून त्याला कोणी भित्रा म्हणत नाही, आणि चढाईवाला घरी मारकुटा असेल असंही कोणी समजत नाही.

रिवाइव न देणं याबद्दल माझं मत मधलं आहे. पडलेल्याला उठवायला काही सेकंद एका जागी थांबावं लागतं, तेवढ्यात उठवणाराही टिपला जाऊ शकतो. आधी समोरचा शत्रू संपवायचा, मग उठवायचं, असं खेळणारे चांगले खेळाडू आहेत. पण धोका टळल्यावरही तो मागे वळत नसेल, पडलेल्याची लूट घेऊन पुढे जात असेल, तर त्याची नोंद तू मनात ठेव. नोंदच ठेव, निकाल लावू नकोस.

आता ते वाक्य. "पडून राय तिथंच, तुह्याच्यानं काई होत नाई."

हे वाक्य त्याने गेममधल्या बाहुल्याला म्हटलं नाही. दहावीतल्या एका खऱ्या मुलाला म्हटलं, जो उद्या त्याचा साळा होणार आहे, आणि ज्याची बहीण त्याच माइकवर ऐकत होती. बंदूक खोटी होती, आवाज खरा होता. गेममध्ये माणूस काय खेळतो हे नियम ठरवतात, पण माइकवर तो दुसऱ्याशी काय बोलतो हे कोणताही नियम ठरवत नाही. ते त्याचं स्वतःचं. म्हणून तुझ्या मामांचं म्हणणं मला अर्धंच पटतं. खेळापायी सोयरीक मोडू नये, खरं आहे. पण खेळताना झालेलं बोलणं खेळात धरायचं नसतं. हेच वाक्य तो वावरात, बैलगाडीशी, सगळ्यांसमोर बोलला असता तर मामांनी काय म्हटलं असतं? अपमान झाला असं तेही म्हणाले असते. मोबाइलवर झाला म्हणून तो हलका होत नाही, आणि पोराने त्या रात्रीपासून खेळ सोडला यातच त्याचं वजन कळतं.

तरी एका वाक्यावर माणूस मोजू नकोस. हरताना, त्यातही रात्री थकलेला असताना, भल्याभल्यांच्या तोंडून नको ते जातं. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने 2020 मध्ये आपली भूमिका पुन्हा तपासली तेव्हा हेच म्हटलं होतं की मारधाडीच्या गेमचा ओरडणं, ढकलणं अशा चिडखोर वागण्याशी लहानसा, पण खात्रीचा संबंध दिसतो. खऱ्याखुऱ्या हिंसेशी जोडण्याइतका पुरावा मात्र नाही. मला विचारशील तर तो ओरडला याहून ओरडून झाल्यावर त्याने काय केलं हे महत्त्वाचं आहे. दुसऱ्या दिवशी त्याने भावाची चौकशी केली? "लहान भाऊ दिसत नाही खेळायला," असं एकदा तरी विचारलं? तुझ्या पत्रात हे नाही. तुला माहीत नसेल तर भावाला विचार. दोघांमध्ये परस्पर काही बोलणं झालं असेल आणि तुला कोणी सांगितलं नसेल, असंही होऊ शकतं.

माझा सल्ला असा. आज नाही म्हणू नकोस, आणि गप्प बसून लग्नालाही उभी राहू नकोस. त्याच्याशी बोल. गेम चालू असताना बोलू नकोस, मेसेजवरही नको, साधा फोन कर. चाचणीचा विषय काढूच नकोस, नाहीतर सगळं बोलणं 'किलर' या एका नावावर जाऊन अडकेल. एवढंच सांग: "तुम्ही माझ्या भावाला असं बोललात, त्याला लागलं, मलाही लागलं. त्याच्याशी एकदा बोलाल का?" मागचे-पुढचे दाखले देऊ नकोस. लपून परीक्षाही घेऊ नकोस, म्हणजे मुद्दाम नॉक होऊन तो येतो की नाही ते बघणं वगैरे. अशा परीक्षेत नापास झालेल्याला आपण नापास झालो हेही कळत नाही, आणि पास झालेल्यावर तुझा विश्वास काही बसणार नाही.

मग त्याचं उत्तर ऐक. तो ओशाळला आणि आपणहून भावाला फोन केला, तर तुला हवं ते बहुतेक कळलं. "गेमच तं होता, एवढं काय?" असं म्हणाला, तर लगेच खचू नकोस. आपल्याकडच्या पोरांना माफी मागायची सवय कोणी लावलेली नसते, पहिलं उत्तर पुष्कळदा असंच येतं. चार दिवस जाऊ दे, पुन्हा एकदा शांतपणे सांग. पण तू बोललीस याचाच त्याला राग आला, तो तुझ्यावर ओरडला, घरच्यांना सांगून तुलाच "जड जाणारी पोरगी" ठरवायला निघाला, तर ती गोष्ट गंभीर आहे. बायको काही सांगायला गेली की घरात काय होईल, याचा तो नमुना असेल.

तसं झालं तर आधी आईला सांग, मग मामांना. सांगताना सुरुवात गेमपासून करू नकोस, नाहीतर पहिल्याच वाक्यावर विषय हसण्यावारी जाईल. "त्याने माझ्या भावाचा अपमान केला, मी सांगितलं तर माझ्यावरच उलटला," असं सरळ सांग. हे मोठ्या माणसांना कळतं. साक्षगंध मोडण्याची नामुष्की मोठी असते, खर्च झालेला असतो, आईला चार ठिकाणी तोंड द्यावं लागतं, हे मी जाणते. म्हणूनच तारीख पुढे ढकलणं हाही एक मार्ग घरच्यांसमोर ठेव. पण शेवटी मोडायचीच वेळ आली, तर अक्षता पडण्याआधी मोडलेलं नंतर मोडण्यापेक्षा सोपं जातं.

आणखी एक. आपल्या भागात सोयरिकीआधी चौकशी होते ती एकर किती, विहिरीला पाणी किती, नोकरी पक्की की कच्ची, एवढ्याचीच. तुझ्या घरच्यांनी आता थोडी वेगळी चौकशी करावी. जूनमध्ये कृषी केंद्रासमोर बियाण्यासाठी रांग लागते, तेव्हा उधारी मागणाऱ्या दोन-तीन एकरवाल्या कास्तकाराशी तो कसा बोलतो? दुकानात पोती उचलणाऱ्या माणसाला कशी हाक मारतो? घरी आईच्या हातून काही सांडलं तर काय म्हणतो? हे त्या गावातला कोणीही सांगू शकेल. चाचणीने तुला जे कळेल असं वाटलं होतं, ते इथे कळेल. आणि जमल्यास दोन्ही घरच्यांच्या संमतीने, माणसांत बसून का होईना, तासभर भेटा. तुला पुढे शिकायचं असेल, बी.एड. करायचं असेल, पगार कोणाच्या हाती राहणार हे विचारायचं असेल, तर तेव्हा विचार. रात्री रात्री एकत्र खेळूनही तुम्ही यातलं एकही बोललेले नाहीत, हे पत्र वाचताना मला जास्त टोचलं.

या निमित्ताने मुलांच्या खेळण्याबद्दल विचारणाऱ्या आईवडिलांनाही सांगते. पोरगा गेममध्ये गोळ्या झाडतो की शेती करतो, यावर फार विचार करू नका. खेळ थांबवणं त्याच्या हातात राहिलंय का, झोप, शाळा, जेवण, मित्र यांच्यापुढे खेळ गेलाय का, नुकसान दिसत असूनही तो खेळतच राहतो का, हे बघा. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत गेमिंग डिसऑर्डरची हीच लक्षणं दिली आहेत, आणि ती सहसा निदान 12 महिने टिकलेली असावीत असं म्हटलं आहे. म्हणजे सुट्टीतल्या पंधरा दिवसांच्या वेडाने घाबरायचं कारण नाही. काळजी वाटत असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या मोफत क्रमांकावर मराठीतून बोलता येतं. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम हा वेगळा विषय आहे, त्यांवर 2025 च्या कायद्याने बंदी आहे. तिथे खेळणाऱ्याचा स्वभाव शोधत बसू नका, आधी खात्यातले पैसे सांभाळा.

आता तुझा दुसरा प्रश्न. तू डरपोक आहेस का? गवतात दडतेस यावरून मी हो म्हणणार नाही, आणि गोळीबारात जाऊन पडलेल्यांना उठवतेस यावरून तुला शूरही म्हणणार नाही. गेमवरून त्याला मोजायचं नाही तर तुलाही मोजायचं नाही. पण पत्रातलं एक वाक्य गेमबाहेरचं आहे. भावाला तो बोलला तेव्हा तू माइक बंद केलास. असं पुष्कळ मुली करतात. नवी सोयरीक, होणारा नवरा, आपण उलट बोललो तर घरी काय म्हणतील, हे सगळं त्या एका क्षणात डोक्यात येतं. त्यात भीती आहे, आणि ती भीती तुला लहानपणापासून शिकवलेली आहे. ती तुझा स्वभाव आहे असं मी मानत नाही, पण तिने तुझा आवाज बंद केला हे खरं आहे. पुढच्या वेळी तो तुला "डरपोक" म्हणेल तेव्हा "मला तसं म्हणू नका, आवडत नाही" एवढं बोल. आवाज चढवायची गरज नाही.

त्याआधी भावाजवळ बस. त्या रात्री तुझा माइक बंद झाला हे त्यालाही ऐकू आलं असेल. "तुह्यासाठी बोलायला पायजे होतं मी," असं त्याला सांग, आणि होणाऱ्या भाऊजींना तू काय विचारणार आहेस तेही सांग. त्याला ते नको असेल, "ताई, जाऊ दे" म्हणाला, तर त्याचं नाव न घेता स्वतःला काय वाटलं तेवढंच बोल. त्याला पुन्हा खेळायला बोलवायची घाई करू नकोस. लग्नपत्रिका छापायला कधी टाकायच्या ठरल्या आहेत ते आजच आईला विचारून घे, आणि त्याच्या निदान पंधरा दिवस आधी हा फोन कर, म्हणजे त्याला उत्तर द्यायला आणि तुला विचार करायला वेळ राहील.